मदत हवी आहे: मॉडेल ३ परफॉर्मन्सला १८ इंची रिम बसवलंय का कुणी?
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत राहतो, गाडी २०२१ ची टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्स, मूळ टायर २३५/३५ आर २०, म्हणजे २० इंची रिमचे. बर्फ वितळला की इथले रस्ते खड्ड्यांनी भरतात. परवा अशाच खड्ड्यात पुढचं डावं रिम वाकलं, टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आलाय. आता १८ इंची रिमवर २३५/४५ घ्यावेत म्हणतोय. बाहेरचा व्यास जेमतेम ४ मिमी कमी होतो, पण टायरची भिंत ८२ वरून १०६ मिमी होते. पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५×११४.३ मिमी, मधलं भोक ६४.१ मिमी, हे जुळवून घेईन. अडलंय ते ब्रेकपाशी: मोठे कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारे भाग) कुठल्या १८ इंची रिममध्ये घासत नाहीत? ऑफसेट (रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर) किती घेतलात? स्वतः बसवलेल्यांनी कृपया सांगा, गाडीत रोज मुलं असतात.