इन्सुलिनच्या ४० आणि १०० चा घोळ: तुमच्या वॉर्डात काय करता?

स्टाफ नर्स, धंतोली
नागपूरला मेडिसिन वॉर्डात नाइटला असते. आमच्याकडे छिंदवाडा, बालाघाट, गडचिरोलीचे पेशंट येतात, बरेच जण घरचं इन्सुलिन घेऊनच. परवा एका आजोबांकडे ग्लार्जिन या इन्सुलिनची १०० ची (एका मिलीत १०० युनिट) बाटली होती आणि आमच्या ट्रेमध्ये ४० ची (मिलीत ४० युनिटच्या इन्सुलिनसाठीची) लाल टोपणाची सिरिंज. ब्रदरनं (पुरुष नर्सनं) २० च्या रेघेपर्यंत भरलं, तेवढ्यात माझी नजर लेबलवर गेली. टोचलं असतं तर २० ऐवजी ५० युनिट गेले असते. सकाळी मॅडमनी त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि विषय संपला. ट्रे मात्र तसाच आहे. काय बदलू?

निवृत्त इन्चार्ज सिस्टर, मानेवाडा
त्या पोराला झापून काय होणार बाई? उद्या त्याच ट्रेसमोर दुसरं कोणी उभं राहील, आणि चूक झाली तर भीतीनं लपवेल. घरचं इन्सुलिन भरतीच्या वेळीच नातेवाइकांकडे परत द्या, फाइलला नोंद करा. बाटली ४० चीच ठेवा, नारिंगी टोपणाची १०० ची सिरिंज वॉर्डात नकोच. १०० चं फक्त इन्सुलिन पेननं द्यायचं. पेनच्या कार्ट्रिजमधून (आतल्या इन्सुलिनच्या नळीतून) सिरिंजनं ओढू देऊ नका.
उलटी चूक तर दिसतही नाही. ४० ची बाटली, १०० ची सिरिंज: २० च्या रेघेला ८ च युनिट जातात. साखर उतरत नाही म्हणून डोस वाढतो, मग घरी गेल्यावर बरोबर सिरिंजनं तोच डोस घेतला की साखर एकदम उतरून माणूस घामाघूम होऊन पडतो.

रेसिडेंट डॉक्टर
आमचं अक्षरही बघा. युनिटसाठी नुसतं इंग्रजी यू लिहिलं की घाईत ते शून्य वाटतं, १० चे १०० होतात. 'युनिट' पूर्ण लिहिल्याशिवाय ऑर्डर घेऊच नका.

स्टाफ नर्स, धंतोली
सिरिंजचं आजच मॅडमशी बोलते. पण दोघांनी तपासायचं म्हणतात ते कसं जमवायचं? रात्री अख्ख्या वॉर्डाला आम्ही दोघंच.

निवृत्त इन्चार्ज सिस्टर, मानेवाडा
सगळ्या औषधांना नाही गं. इन्सुलिन, हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) आणि पोटॅशियम क्लोराइड, एवढ्यांना तरी हवंच. दुसऱ्यानं ऑर्डर स्वतः वाचून डोस काढायचा, तुझा आकडा ऐकून मान डोलवायची नाही. आणि पोटॅशियमचे अँप्यूल ट्रॉलीवरून आजच उचल, ते कुलपात ठेव. पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय थांबतं.