मदत हवी आहे : मुलीच्या थेरपीचं सगळं चालू आहे, पण माझाच धीर सुटतोय

मुलगी अडीच वर्षांची, दोन्ही कानांना ९० डेसिबलच्या आसपास लॉस, म्हणजे खूपच कमी ऐकू येतं, बेरा (ऐकू येण्याची तपासणी) दोनदा झाली. आठ महिन्यांपासून कानाचं मशीन आहे आणि सरकारच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (ऑपरेशन करून कानात बसवतात ते ऐकण्याचं यंत्र) कागद दिलेत, त्यामुळे "इम्प्लांट करा" हे कृपया नको, ते चालू आहे. प्रश्न माझा आहे.

संगमनेरहून आठवड्यातून दोनदा एसटीने नाशिकला थेरपीला जातो, घरी रोज तिला ऐकू येतंय का बघायला आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज घ्यायचे असतात. मी पाठीमागून "श" म्हणते आणि ती वळते का बघत श्वास रोखून बसते. नाही वळली की दिवसभर वाटतं माझंच काहीतरी चुकतंय. मशीन काढून फेकते तेव्हा मी ओरडते, मग रात्री रडते. मिस्टर शिफ्टला, सासूबाई म्हणतात उशिरा बोलतात काही मुलं.

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलले, शांतपणे ऐकून घेतलं, बरं वाटलं. पण या वाटेवरून गेलेल्यांशी बोलायचंय. थेरपिस्टना विचारलं तर वेळ मुलीसाठीच पुरत नाही, तेही खरंच आहे.

नाशिक किंवा नगरकडे पालकांचा ग्रुप आहे का, किंवा रात्री नऊनंतर मराठीतून ऑनलाइन भेटणारा, फी परवडेल असा समुपदेशक? आणि ज्यांची मुलं आता शाळेत जातात त्यांनी सांगा, घरचा सराव रोज किती वेळ घेत होतात आणि एखादा दिवस सोडला तर चालायचं का?