रस्टमधल्या 'बॉरो'ला मराठीत काय म्हणावं?

पाणंद: आमचा गट लिनक्स कर्नलसाठी (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी) रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत ड्रायव्हर, म्हणजे यंत्रभाग चालवणारा कोड, लिहायला शिकतोय आणि मराठी टिपणं काढायचं काम माझ्याकडे आलंय. 'बॉरो' म्हणजे मालकी न बदलता एखादी वस्तू (डेटा) तात्पुरती वापरायला घेणं; त्यासाठी मी 'उसनं घेणं' लिहिलं. एका मैत्रिणीची हरकत अशी, की उसनी साखर कुणी तीच परत करत नाही, तेवढीच दुसरी देतो. रस्टमध्ये वस्तू तीच राहते, मालकही तोच. शिवाय वाचणारे कितीही चालतात, पण बदलणारा असेल तर तो एकटाच. मग शब्द कोणता?

चिंचोका: हरकत रास्त आहे. आमच्याकडे साखर, तेल, पैसे उसने. शिडी, कुदळ 'मागून आणतात'. 'शिडी उसनी आणली' हे कानाला खटकतं.

सह्यकडा: मला नाही खटकत. लग्नात दागिने उसने आणून घालतात, ते तेच परत करावे लागतात. आणि 'उसनं अवसान' कुठल्या खात्यात टाकणार? उसनं म्हणजे स्वतःचं नसलेलं, एवढाच अर्थ. पाणंद, तुमचा शब्द ठेवा.

अक्षरवेल: 'ओनरशिप'ला तुम्ही 'मालकी' लिहिलं असणार. तो अरबी शब्द आहे. 'स्वामित्व' घ्या, आणि बॉरोला 'उद्धार'. संस्कृतात उद्धार म्हणजे कर्जही होतं, 'उधार' त्यातूनच आला. राज्यव्यवहारकोश करणाऱ्यांनी जे कष्ट घेतले, ते आपणही घ्यायला हवेत.

चिंचोका: 'चलाचा (व्हेरिएबलचा) उद्धार केला' असं वाचून विद्यार्थी काय समजेल? मालकी शेकडो वर्षं आपलीच आहे.

बांधावरचा: सातबारा बघा. भोगवटादाराचं नाव एकीकडे, 'इतर हक्क' दुसरीकडे, आणि त्यात कर्जाचा बोजा. बोजा असेपर्यंत जमीन परस्पर विकता येत नाही. रस्टमध्येही वस्तू बॉरो झालेली असताना मालकाला ती दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, कंपायलर (कोड तपासून यंत्रभाषेत नेणारा प्रोग्रॅम) तिथेच अडवतो. मी 'बोजा' म्हणेन.

खिळा: बॉरोचं काहीही करा, 'अनसेफ'ला 'असुरक्षित' मात्र लिहू नका. माझं रोजचं काम ड्रायव्हरचं आहे आणि या एका शब्दाने नवी मुलं बिचकतात. अनसेफ म्हणजे इथे कंपायलर सगळं तपासू शकत नाही, हमी लिहिणाऱ्याची. म्हणून त्याच्यावर 'सेफ्टी' अशी टीप लिहून ती हमी शब्दांत द्यायची असते.

हमी चुकली की काय होतं, ते बाइंडरमध्ये दिसलं. अँड्रॉइडचा हा ड्रायव्हर रस्टमध्ये नव्याने लिहिला गेला. एका ठिकाणी कुलूप (लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच हात लावू देणारी सोय) घेऊन यादीतल्या सगळ्या नोंदी तात्पुरत्या यादीत हलवल्या, कुलूप सोडलं आणि मग ती यादी चालायला घेतली. त्याच वेळी दुसरा थ्रेड (सोबतच चालणारं दुसरं काम) त्यातलीच नोंद काढायला आला. मागची-पुढची नोंद कुठे आहे ते सांगणारे पॉइंटर बिघडले, कर्नल कोसळला. टिपेत लिहिलेली हमी नेमकी तिथे अपुरी पडली. कर्नलमध्ये रस्ट डिसेंबर 2022 मध्ये 6.1 बरोबर आलं, आणि रस्ट कोडच्या नावावर पहिला सीव्हीई क्रमांक (सुरक्षेतल्या त्रुटीला मिळणारा जाहीर नोंदणी क्रमांक) लागला तो डिसेंबर 2025 मध्ये, याच चुकीसाठी. मी 'जबाबदारीवर' म्हणतो.

सह्यकडा: 'हमीवर' जास्त नेमकं. जबाबदारी सगळ्याच कोडची असते.

अक्षरवेल: 'स्वप्रमाणित' चालेल का? आणि डीबगिंगला 'दोषशोधन' हा चांगला शब्द असताना कुणी वापरत का नाही?

खिळा: कारण शोधणं हे अर्धंच काम आहे. डीमेसेगमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) कॉल ट्रेस, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्याची यादी, येतो, त्यात रस्टच्या फंक्शनांची नावं '_आर'ने सुरू होणारी लांबलचक अक्षरमाळ असते. ती उलगडून ओळ सापडते, दुरुस्ती त्यानंतर. मोटार वाइंडिंगवाले 'फॉल्ट काढला' म्हणतात, त्यात सापडणं आणि दुरुस्त होणं दोन्ही येतं.

चिंचोका: पण 'चूक काढणं' म्हणजे नुसती दाखवणं, आणि 'काटा काढणं' म्हणजे उपटून टाकणं. 'बग काढला' म्हटल्यावर यातलं कुठलं समजायचं?

बांधावरचा: आमच्या टीममध्ये 'बग काढला' म्हणजे टेस्टरने दाखवला. मिटवला, तर 'मारला' म्हणतात.