मदत हवी आहे: अल्पदृष्टी असताना अभियांत्रिकीची कोणती शाखा घ्यावी?

पंचवटीकर: नमस्कार. मी यंदा बारावी विज्ञान उत्तीर्ण झाले असून सीईटीचे गुण चांगले आहेत. दृष्टी अधू असल्यामुळे संगणक, विद्युत आणि यंत्र यांपैकी कोणती शाखा घ्यावी हे ठरत नाही. घरात तिघांची तीन मते आहेत आणि कॅपचा (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) पर्याय अर्ज याच आठवड्यात भरायचा आहे. कृपया थेट शाखा सांगावी.

सातपूरचा_टर्नर: यंत्र शाखा मुळीच घेऊ नका. लेथवर काम चालू असताना चकजवळ (काम पकडून फिरवणाऱ्या भागाजवळ) हात कुठे आहे, हे न बघताही कळावे लागते. कारखान्यात इतकी वर्षे काढल्यावर मी हे अगदी कळकळीने सांगतो आहे.

देवळाली_कॅम्प: अभियांत्रिकीचा हट्ट कशासाठी? सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे आणि त्यातील १ टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहे. पदवी कोणतीही घ्या आणि बँकेच्या परीक्षेची तयारी करा.

मेनरोड_वाचक: त्यांनी शाखा विचारली आहे, अभियांत्रिकी करावी की नाही हे विचारलेले नाही. ताई, आजार कोणता आहे, तो वाढणारा आहे का, दूरचे दिसत नाही की बाजूचे, आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) काढले आहे का, हे समजल्याशिवाय कोणीही सांगितलेली शाखा हा केवळ अंदाज ठरेल.

पंचवटीकर: रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. पुस्तक वाचता येते, परंतु बाजूचे दिसत नाही आणि अंधारात काहीच दिसत नाही. कार्ड आहे, त्यावर ४० टक्क्यांहून अधिक नोंद आहे. आता तरी शाखा सांगाल का?

काळोखातून_कोड: मलाही हाच आजार आहे आणि मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, म्हणून संगणक शाखा सांगतो. या आजारात दृष्टिक्षेत्र हळूहळू आक्रसत जाते, त्यामुळे आज जे दिसते त्यावर नव्हे, तर पुढे कमी दिसू लागले तरी जे काम हातून सुटणार नाही त्यावर शाखा ठरवावी. सगळे जण अक्षरे मोठी करण्याचा सल्ला देतात, पण आपल्याला तो फारसा उपयोगी पडत नाही, कारण अक्षर जितके मोठे तितके कमी शब्द नजरेत मावतात आणि ओळ हरवते. अक्षर मध्यम ठेवावे, पार्श्वभूमी काळी करावी आणि नजर शाबूत आहे तोवरच एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) शिकून घ्यावा. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत कोडची ओळ किती आत सरकली आहे हे तो सुरांनी ऐकवतो. सुरांच्या चढउतारांवरून मला कोडची रचना कळते. पुण्यात जन्मलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टी काचबिंदूने लहानपणीच गेली, तरीही त्यांनी आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र शिकून १९९४ मध्ये कॉर्नेलमधून पीएचडी घेतली, आणि प्रबंधाचा विषयच गणिती मजकूर ऐकवणारी प्रणाली हा होता.

सबस्टेशन: विद्युत शाखा इतक्या सहज बाद करू नये. लोडफ्लोचा (वीजजाळ्यातील वीजप्रवाहाचा) अभ्यास आणि रिलेची (बिघाड झाल्यास वीज तोडायला लावणाऱ्या उपकरणाची) सेटिंग काढणे ही कामे आज संगणकावरच होतात.

काळोखातून_कोड: ती कामे मिळेपर्यंत यंत्रांच्या प्रयोगशाळेत उघड्या टर्मिनलला तारा जोडाव्या लागतात, आणि तिथे बाजूची नजर लागते. शक्य नाही असे मी म्हणत नाही, पण प्रयोगासाठी सोबती देणार का, हे महाविद्यालयाकडून आधी लेखी घ्यावे.

मेनरोड_वाचक: शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, तेव्हा अर्जात दिव्यांग प्रवर्ग नोंदवण्यास विसरू नका. परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ आणि गरज असल्यास लेखनिक मिळतो. शाखा कोणतीही घेतली तरी पहिल्या वर्षी अभियांत्रिकी आलेखन (ड्रॉइंग) बहुतेक ठिकाणी करावेच लागते. ते संगणकावर करू देतील का, हेही विचारा. हिवाळ्यात प्रात्यक्षिके संपेपर्यंत अंधार पडतो, म्हणून नाशिकच्या आडगाव किंवा सामनगावकडच्या महाविद्यालयातून घरी येताना सोबत कोणाची असेल, याचाही विचार व्हावा. सातपूरला नॅब या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे केंद्र आहे, तिथे पांढऱ्या काठीच्या प्रशिक्षणाची चौकशी करता येईल.

पंचवटीकर: काठीचा विचार मी अद्याप केला नव्हता. संगणक पहिल्या पसंतीला ठेवते आणि विद्युत त्याखाली, तेही घराजवळच्या महाविद्यालयांपुरतेच. एनव्हीडीए मराठी वाचतो का?

काळोखातून_कोड: वाचतो. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाज देणाऱ्या प्रणालीत मराठी आहे. उच्चार यांत्रिक वाटतात, पण काही आठवड्यांत कान सरावतो. सुरुवातीला वेग कमी ठेवा.