जळगावला फ्लॅटचा स्लॅब गळतोय, बिल्डर हात वर करतोय

राम राम मंडळी, ताबा घेऊन ३ वर्षं झाली, यंदाच्या पावसात हॉलच्या छतातून पाणी टपकायला लागलं, बीमला बोट जाईल एवढी भेग अन् आत गंजलेली सळई दिसते, बिल्डर म्हणतो वर्षाची वॉरंटी संपली, आई त्या खोलीत झोपायला घाबरते. काय करू?

> भाऊ, वर्षाचं काही नसतं. रेरा कायद्याचं (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) कलम १४(३) बघ, ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला तर ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावं लागतं. स्पीड पोस्टाने लेखी नोटीस दे, फोनवरचं बोलणं पुढे कामाला येत नाही.

> प्लास्टर मारून झाकू नका! आमच्या धुळ्याच्या बिल्डिंगमध्ये तेच केलं, पुरावाच गेला. बीमखाली टेकू लावा, फोटो काढा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट घ्या. आईला आजच दुसऱ्या खोलीत झोपवा.

> ८ पर्यंत फ्लॅटची स्कीम असेल तर रेरात नोंदणी नसते, मग जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते, वकील नसला तरी चालतो.

आमच्या स्कीममध्ये १६ फ्लॅट आहेत. उद्याच नोटीस टाकतो, लई आभार.