इलेक्ट्रॉनला गुरुत्वाकर्षण लागतंय का?

तांबडापांढरा: काल रंकाळ्यावर भेळ खाताना रूममेटशी वाद झाला, चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या लँडाउ लेव्हल्सवर (म्हणजे त्याच्या ऊर्जेच्या ठराविक पायऱ्यांवर) ग्रॅव्हिटीचा काय फरक पडतो का? सरांनी हसून सोडून दिलं

जुनाखोंड: पडतोय की भावा. क्षेत्र उभं असेल तर लेव्हल्सना धक्का नाही, पण आडवं असेल तर वजन विद्युत क्षेत्रासारखं वागतंय, एका लेव्हलमधल्या सारख्या ऊर्जेच्या अवस्था उंचीप्रमाणे वेगळ्या होतात आणि इलेक्ट्रॉन खाली पडायच्या ऐवजी बाजूला सरकतो

मिसळवाला: किती सरकतो ते पण सांगा की, १ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात वर्षाला २ मिमीसुद्धा नाही

तांबडापांढरा: म्हणजे सर बरोबरच राव 😅

जुनाखोंड: न्यूट्रॉन बघ, विद्युतभारच नाही, म्हणून २००२ ला फ्रान्समधल्या ग्रेनोबलमध्ये त्याच्या ग्रॅव्हिटीतल्या लेव्हल्स दिसल्यात