मदत हवी आहे: हॉट टबसाठी १०० चं पॅनल पुरेल का?

चिंतामणी७९
जरा लवकर सांगा, शनिवारी टब येतोय. पॅनल १०० अँपचं आहे, टबला ५० चा ब्रेकर लागतो. आज एक इलेक्ट्रिशियन येऊन गेला. झाकण उघडलं, तीन मिनिटं आत बघितलं, दातातल्या दातात काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, सर्व्हिस, म्हणजे बाहेरून घरात येणारी मुख्य जोडणी, २०० करावी लागेल, साडेचार हजार. दुसरा फोनवरच म्हणाला काही गरज नाही, बाराशेत जोडून देतो. खरं कोण बोलतंय? केबल घरात आहे, ६ नंबरची. फक्त हो किंवा नाही सांगितलंत तरी चालेल.

पेठेतला_पक्या
साडेचार हजार म्हणजे काहीच नाही हो, करून टाका. आमच्याकडे नुसता गिझरचा पॉइंट काढायला वायरमनने अडीच हजार घेतले, वर भिंत फोडून ठेवली ती वेगळीच. आधी बिलावर मंजूर भार किती आहे ते बघा आणि महावितरणकडे वाढवून घ्या.

नाना_वायरमन
घरगुती कनेक्शन आणि सिंगल फेजवर १०० अँप? पटत नाही. थ्री फेज घ्या. ५० अँपला ६ ची केबल अजिबात चालणार नाही, तापेल. निदान १० तरी घ्या. आणि मुख्य म्हणजे अर्थिंग. टबाशेजारी खड्डा काढून कोळसा, मीठ, प्लेट टाकून स्वतंत्र अर्थिंग करा. ३८ वर्षं हेच काम केलंय, नाशकात कुणालाही विचारा.

अनुजा_ऑस्टिन
थांबा, थांबा. चिंतामणी, तुम्ही कुठल्या देशात आहात? टबच्या प्लेटवर व्होल्ट आणि अँप काय लिहिलेत? शेगडी, ड्रायर, एसी, पाणी तापवणं, यातलं काय विजेवर आणि काय गॅसवर? घर किती चौरस फुटांचं? हे कळल्याशिवाय हो-नाही कुणीच सांगू शकत नाही. तुमच्या पहिल्या इलेक्ट्रिशियनलाही तीन मिनिटांत ते कळलेलं नाही.

चिंतामणी७९
अमेरिका, अर्थात. न्यू जर्सी. हॉट टब म्हटल्यावर कळायला हवं होतं. प्लेटवर २४० व्होल्ट, ४८ अँप. घर १८०० चौ. फूट. शेगडी, फर्नेस, गरम पाणी सगळं गॅसवर. ड्रायर विजेवर. एसी ३ टनांचा. झालं? आता सांगा.

पेठेतला_पक्या
म्हणजे साडेचार हजार डॉलर!! मी माझा सल्ला मागे घेतो.

खटपट्या
मी ओहायोत स्वतःचा टब स्वतः जोडलाय, चार वर्षं झाली, काही झालं नाही. ८ नंबरची वायर टाकली, पाइपातून. शंभरच्याच पॅनलवर आहे. पॅनलमध्ये जागा नव्हती म्हणून शेजारी सबपॅनल लावलं. तुम्हीही सबपॅनल लावा, प्रश्न मिटला. इलेक्ट्रिशियन लोकांना २०० च्या पुढेच बोलता येतं.

अनुजा_ऑस्टिन
खटपट्या, सबपॅनलने ब्रेकर बसवायला जागा मिळते, अँप मिळत नाहीत. टाकी तीच, नळ एक वाढवला, एवढंच. वायरचं म्हणाल तर टबच्या मॅन्युअलमध्ये ६ लिहिलं असेल तर ६ च टाकायची, तिथे आपलं डोकं चालवायचं नाही.
नाना, तुमचा गोंधळ होतोय आणि तो साहजिक आहे. तुम्ही ६ म्हणता ते चौरस मिलिमीटर. इथला ६ नंबर म्हणजे गेज, नंबर लहान तितकी वायर जाड. ६ गेज म्हणजे १३ चौ. मिमी.हून थोडी जास्तच. म्हणजे तुमच्या १० पेक्षाही जाड.

नाना_वायरमन
मग उलटे नंबर कशाला ठेवलेत त्यांनी. असो. १३ असेल तर माझी हरकत नाही. खड्ड्याचं काय?

अनुजा_ऑस्टिन
खड्ड्याने इथे काम होणार नाही. टबाशेजारच्या रॉडचा मातीशी रोध २५ ओहम धरा. १२० व्होल्टची फेज टबच्या अंगाला लागली तर रॉडमधून जेमतेम ५ अँप जातील. ५० चा ब्रेकर त्यावर हलतसुद्धा नाही आणि टबचं अंग जिवंत राहतं. म्हणून टबची ग्राउंड वायर परत पॅनलपर्यंत न्यायची, तिथे ती न्यूट्रलशी जोडलेली असते, फॉल्ट झाला की भरपूर करंट जातो आणि ब्रेकर पडतो. माणसाला वाचवायचं काम जीएफसीआयचं, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणाऱ्या ब्रेकरचं, तो ५ मिलिअँपच्या आसपास पडतो.

नाना_वायरमन
५?? आमच्याकडे घरात ३० ची आरसीसीबी असते. ५ ठेवली तर जुलै महिन्यात नाशिक अंधारात बसेल. पण ती लावायचीच हे मी पण सांगतो, खड्डा असो नसो.

सोनचाफा
एक वेगळा विचार मांडते. कंबरदुखीसाठी घेत असाल तर आमच्या सासूबाईंना वज्रेश्वरीच्या कुंडांचा चांगला गुण आला. तिथे एक अँपही लागत नाही. :)

विदा_हवा
मी ढोबळ हिशोब मांडतो, अमेरिकेच्या वायरिंगच्या नियमांतल्या (कोडमधल्या) पर्यायी पद्धतीने. आकडे वॉटमध्ये.
दिवे आणि साधे प्लग १८०० चौ. फूट × ३ = ५४००. स्वयंपाकघराची दोन सर्किटं ३०००. लाँड्री १५००. डिशवॉशर १२०० (आहे असं धरतो). ड्रायर ५०००. टब २४० × ४८ = ११५२०. बेरीज २७६२०. पहिले १०००० पूर्ण, उरलेल्याचे ४० टक्के म्हणजे ७०४८. झाले १७०४८. त्यात एसी पूर्ण धरायचा, १८ अँप धरले तर ४३२०. एकूण २१३६८. भागिले २४० म्हणजे ८९ अँप.
म्हणजे १०० मध्ये बसतंय. बाराशेवाला बरोबर.

चिंतामणी७९
ग्रेट! हेच हवं होतं. बाराशेवाल्याला फोन करतो.

खटपट्या
तेच तर म्हणत होतो.

अनुजा_ऑस्टिन
खटपट्या, तुम्ही सबपॅनल म्हणत होता.
चिंतामणी, फोन करण्याआधी एक विचारते. विजेची गाडी आहे का घरात?

चिंतामणी७९
आहे. ती रात्री चार्ज होते, गॅरेजमध्ये. तिचा काय संबंध? ती तर आधीपासूनच आहे, नवीन फक्त टब येतोय.

विदा_हवा
अहो!! हे पहिल्या पोस्टमध्ये यायला नको होतं? चार्जर किती अँपचा?

चिंतामणी७९
४०. ब्रेकर ५० चा.

विदा_हवा
९६००. चाळीस टक्क्यांनी धरला तरी ३८४० वाढले. २५२०८ ÷ २४० = १०५. गेलं. साडेचार हजारवाला पॅनलचं झाकण उघडून तो ५० चा ब्रेकर बघूनच बोलला असणार. मघाशी त्याला नावं ठेवली ती मी परत घेतो.

अनुजा_ऑस्टिन
नावं मी ठेवली होती, तुम्ही नाही. मी परत घेते.
पण अजून एक मधला रस्ता आहे. एकूण भार वाढला की गाडीचा चार्जर आपोआप थांबवणारं लोड मॅनेजमेंटचं उपकरण मिळतं. टब रात्री तापतो, गाडी पहाटे चार्ज होते, दोघं एकदम चालायची गरजच नाही. टाउनशिपच्या इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरला आधी विचारा ते मान्य करतो का. परमिट तर काढावंच लागेल. बाराशेवाल्याने परमिटचं नाव काढलं होतं का?

चिंतामणी७९
नाही. म्हणाला दोन तासांत काम होईल, केबल तुमचीच वापरतो.

अनुजा_ऑस्टिन
ती केबल. तिच्या अंगावर काय छापलंय ते जसंच्या तसं लिहा. आत किती तारा?

चिंतामणी७९
गॅरेजमध्ये जाऊन बघून आलो. एनएम-बी, ६/२ विथ ग्राउंड. काळी, पांढरी आणि एक उघडी तांब्याची. चुलतभावाकडे उरली होती, त्याने फुकट दिली. ६ नंबरच आहे ना?

अनुजा_ऑस्टिन
जाडी बरोबर आहे, तारा कमी आहेत. इथल्या बहुतेक टबांना चार तारा लागतात: दोन फेज, एक न्यूट्रल, एक ग्राउंड. हीटरला २४० लागतात, पण कंट्रोल बोर्ड, दिवे असल्या गोष्टींना बऱ्याचदा १२० लागतात आणि त्यासाठी न्यूट्रल हवा. मॅन्युअलमधलं जोडणीचं चित्र बघा. आणि ती उघडी तार न्यूट्रल म्हणून वापरू असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.
शिवाय एनएम-बी कोरड्या जागेसाठी असते. घराबाहेर चालत नाही, पाइपात घातली तरी नाही. बाहेर पाइपातून ओल्या जागेच्या सुट्या तारा न्यायच्या. पाइप पीव्हीसीचा असेल तर १८ इंच खाली पुरायचा, आणि खणायच्या आधी ८११ ला फोन, ते जमिनीखालच्या लाइन कुठे आहेत ते दाखवतात.

खटपट्या
माझ्या जीएफसीआयने पहिल्या दिवशी दर दहा सेकंदांनी दगा दिला होता. दोन दिवस मी टबवाल्याशी भांडलो. शेवटी कळलं की टबची न्यूट्रल मी पॅनलच्या पट्टीला लावली होती, ती ब्रेकरलाच लावायची असते, आणि ब्रेकरची गुंडाळलेली पांढरी शेपटी पट्टीला. हे लिहून ठेवा. चित्रात असतं, पण चित्र कोण बघतं.

पेठेतला_पक्या
चार वर्षं काही झालं नाही म्हणणारे हेच ना?

खटपट्या
पहिला दिवस सोडून.

चिंतामणी७९
इतकी भानगड असेल तर साध्या प्लगवर चालणारा टब का नाही घेतला असं बायको विचारतेय. दुकानदार म्हणाला होता की हाच टब १२० वर पण चालतो. मग तसाच लावू का?

विदा_हवा
मॅन्युअल तसं म्हणत असेल तर चालेल, पण सर्किट फक्त त्याचंच आणि जीएफसीआयसकट हवं. आता तापायला किती वेळ: १५०० लिटर पाणी, नळाचं १५ अंश, तुम्हाला हवं ३९. त्याला साधारण ४२ युनिट लागतात. १२० वर हीटर १ किलोवॉटच्या आसपास, म्हणजे ४२ तास, तेही झाकण घट्ट लावून. २४० वर साडेपाच किलोवॉटचा हीटर, आठ तासांच्या आत. शिवाय १२० वर जोराचे जेट चालू केले की बहुतेक टबांचा हीटर बंद होतो. जानेवारीत बायको आत बसलेली असताना हे तिला कळलं तर पुढचं मी सांगत नाही.

नाना_वायरमन
बंद करायचा स्विच कुठे बसवणार? पाण्यात बसून हात पोचेल असा नको.

अनुजा_ऑस्टिन
नाना, बरोबर. इथला नियमही तोच आहे. टबवरून दिसेल असा, पण पाण्यापासून निदान ५ फूट लांब. चिंतामणी, टब ठेवणार कुठे? काँक्रीटवर?

चिंतामणी७९
डेकवर. किचनच्या दारातून थेट बाहेर, म्हणजे थंडीत लांब चालायला नको.

विदा_हवा
डेक जमिनीला टेकलेला आहे की खांबांवर?

चिंतामणी७९
खांबांवर. खाली लॉनमोवर ठेवतो. का?

विदा_हवा
नुसतं पाणीच दीड टन. टब आणि पाच माणसं धरून पाच हजार पाउंडांच्या घरात जातं. ७ बाय ७ चा टब म्हणजे दर चौरस फुटाला शंभर पाउंड. साधा डेक बहुधा चाळीसच्या हिशोबाने बांधतात. वायरिंग बाजूला ठेवा आणि डेकच्या खालून फोटो टाका, खांब आणि तुळया दिसतील असे.

चिंतामणी७९
अंधार पडलाय, उद्या टाकतो. डिलिव्हरीवाल्यांना फोन लावून बघतो, शनिवार पुढे ढकलता येतो का. होल्डवर आहे.